घराच्या कामातून उरलेलं सिमेंट, चिरे, पाइप रीफ टँकमध्ये चालतील का?

पेडण्याच्या एका भावाने विचारलंय. घराचं काम संपत आलंय, हॉलमध्ये चार बाय दीड बाय दीड फुटांची टाकी ठेवून समुद्री रीफ, म्हणजे खाऱ्या पाण्यात कोरल, मासे वाढवायची टाकी करायचीय, पण रॉकचे, म्हणजे ज्यावर हे सगळं वाढतं त्या भोकाभोकांच्या दगडांचे, भाव ऐकून हात आखडलाय. अंगणात अर्धं पोतं सिमेंट, एक पिशवी व्हाइट सिमेंट, तीस-चाळीस चिरे (जांभा दगड), पीव्हीसी पाइपचे तुकडे, सिलिकॉनच्या दोन ट्यूबा, किचन ओट्याच्या ग्रॅनाइटचे तुकडे असं सगळं पडून आहे. हार्डवेअरवाला म्हणाला की जे पिण्याच्या पाण्याच्या टाकीला चालतं ते माशांना का चालणार नाही, बिनधास्त वापरा. तर यातलं काय टाकीत घालता येईल?

मी मूळचा साइटवरचा माणूस. फोंड्याच्या बाजूला नऊ वर्षं सुपरवायझर म्हणून काढली आणि त्यानंतर गेली सोळा वर्षं हॉटेलांतल्या आणि घरांतल्या समुद्री टाक्या बसवणं, सांभाळणं हेच काम करतोय. त्यामुळे हा माल भिंतीतही वापरलाय आणि टाकीतही, आणि तुमच्या प्रश्नाला हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर का देता येत नाही ते नीट सांगतो.

आधी हार्डवेअरवाल्याचं म्हणणं बघू, कारण ते ऐकायला पटतं आणि तिथेच लोक फसतात. पिण्याच्या पाण्याचं आपलं भारतीय मानक आहे, आयएस १०५००, त्यात तांबं लिटरला ०.०५ मिलिग्रॅमपर्यंत असावं असं म्हटलंय आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतात. माणसाला त्याने काही होत नाही. आता माशांच्या अंगावरच्या परजीवींसाठी आम्ही क्वारंटाइन टाकीत तांब्याचं औषध देतो, ते ०.१५ ते ०.२० पीपीएम (म्हणजे लिटरला तेवढे मिलिग्रॅम) एवढंच ठेवतो, आणि तेवढ्यात कोळंबी, गोगलगायी, कोरल काहीच टिकत नाही. म्हणजे तुम्ही निर्धास्त प्याल त्या पाण्याच्या सातव्या हिश्श्याएवढं तांबं रीफ संपवायला पुरतं. तुमच्या टाकीत साधारण अडीचशे लिटर पाणी बसेल, त्यात ०.२ पीपीएम म्हणजे सगळं मिळून ५० मिलिग्रॅम. जेवणात वरून टाकतो त्या मिठाच्या चिमटीपेक्षाही कमी. आणि घरातली टाकी रोज रिकामी होते, भरते, रीफमधलं पाणी तेच ते फिरत राहतं, वरून फक्त वाफ उडते आणि उतरलेला पदार्थ आत साठत जातो. म्हणून पिण्याच्या पाण्याचा दाखला इथे धरायचाच नाही.

हे मी एका टाकीवर शिकलो. किनाऱ्याजवळच्या एका हॉटेलात सहाशे लिटरची टाकी माझ्याकडे होती. झोआ, मशरूम, लेदर हे मऊ कोरल मस्त वाढलेले, दोन क्लीनर श्रिंप (कोळंबी) तर हात घातला की बोटावर येऊन बसायचे. एका सोमवारी गेलो तर सगळ्या टर्बो स्नेल (गोगलगायी) वाळूवर उलट्या पडलेल्या, पाय अर्धा बाहेर लोंबतोय, आणि मासे मात्र नेहमीसारखे काचेवर येऊन खायला मागतायत. पीएच बरोबर, अमोनिया शून्य, खारटपणा बरोबर. बुधवारी झोआ मिटले, शुक्रवारी दोन्ही श्रिंप गेले. मासे ठणठणीत आणि बाकीचं सगळं मरतंय म्हटल्यावर धातूचाच संशय येतो. सम्पच्या, म्हणजे फिल्टरच्या वेगळ्या टाकीच्या, मागे टॉर्च मारून पाइप बघत गेलो तर रिटर्न लाइनवर, म्हणजे पाणी टाकीत परत नेणाऱ्या पाइपवर, पितळी बॉल व्हॉल्व्ह! आधीचा प्लास्टिकचा गळत होता म्हणून तिथल्या प्लंबरने दोन आठवड्यांपूर्वी बदललेला, त्याच्या दृष्टीने जास्त भारी घातलेला. नटाखाली हिरवट खरपुडी धरलेली, बरेच दिवस न घासलेल्या तांब्यावर येते तशीच. व्हॉल्व्ह काढला, कार्बन बदलला, तांबं शोषणारं मीडिया टाकलं, पाणी चार वेळा बदललं. टेस्ट शून्यावर आली. तरी नवीन गोगलगाय टाकली की आठवड्यात मरायची, कारण चुनखडीचा रॉक आणि वाळू तांबं धरून ठेवतात आणि हळूहळू परत सोडत राहतात. आठ महिन्यांनी सगळा रॉकच बदलावा लागला. त्या श्रिंपचं मला अजून वाईट वाटतं.

त्या दिवसापासून कुठलाही माल हातात आला की तो चालतो का हे मी विचारत नाही. त्यातून पाण्यात काय उतरतं, किती दिवस उतरतं, आणि ते मला मोजता येईल का, हे तीन प्रश्न विचारतो. आणि इतक्या वर्षांत दिसलं ते असं की मूळ माल क्वचितच मारतो. सिमेंट, सिलिकॉन, पीव्हीसी हे तिन्ही रीफमध्ये वर्षानुवर्षं चालतात. मारतं ते त्यात कंपनीने किंवा गवंड्याने आपल्या सोयीसाठी मिसळलेलं, बुरशी येऊ नये म्हणून, लवकर सेट व्हावं म्हणून, चिकटावं म्हणून, चकाकावं म्हणून. आणि आपल्या गोव्यात चार महिने भिंतींना बुरशी येते म्हणून इथे विकल्या जाणाऱ्या मालात बुरशीनाशक जास्तच भेटतं. बुरशी, शेवाळ मारणारं औषध कोरललाही सोडत नाही.

आता तुमच्या अंगणातल्या मालाकडे येऊ. सिमेंटवर जरा जास्त लिहितो कारण तुमचा खरा फायदा तिथेच आहे.

सिमेंटपासून रीफ रॉक बनवता येतो, जगभर लोक बनवतात, मीही बनवतो, आणि आपल्याकडे त्याला आणखी एक कारण आहे. समुद्रातून रॉक किंवा कोरल उचलून आणणं हा गुन्हा आहे. सगळे रीफ बांधणारे हार्ड कोरल २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल १ मध्ये आहेत, म्हणजे ज्या यादीत वाघ आहे त्या यादीत. गोव्याजवळच्या ग्रँड आयलंडला डायव्हिंगला गेलेला कोणी मित्र तुकडा आणून देतो म्हणाला तर हात जोडून नको म्हणा. तिथे जे थोडंफार शिल्लक आहे ते तिथेच राहू दे. तुमच्या टाकीतही झोआ, मशरूम, लेदर असले सॉफ्ट प्रकार ठेवा, घेताना कुठून आलेत ते विचारा, बिल घ्या.

तर सिमेंट. पाणी घातलं की त्यात मोकळा चुना तयार होतो, कॅल्शियम हायड्रॉक्साइड, आपण पानाला लावतो तोच. ताज्या काँक्रीटमधल्या पाण्याचा पीएच १२ च्या वर असतो आणि रीफला हवा ८.१ ते ८.४. कच्चा ठोकळा टाकीत गेला तर पीएच चढतो, माशांचे कल्ले भाजतात, आणि चढलेल्या पीएचमध्ये थोडासा अमोनियाही जास्त विषारी होतो. पाणी दुधासारखं पांढरं झालं तर समजायचं कॅल्शियम आणि अल्कलिनिटी एकत्र येऊन खाली बसतायत. पण हा धोका वेळेने जातो, हेच सिमेंटचं चांगलं. चुना धुऊन निघतो आणि जो राहतो तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन परत चुनखडी बनतो. एकदा पूर्ण मुरलं की तो दगडच.

तुमच्या पोत्यावर काय छापलंय ते बघा. घरबांधणीला हल्ली बहुतेक पीपीसी येतं, त्यात १५ ते ३५ टक्के फ्लाय अॅश म्हणजे औष्णिक वीज केंद्रातली कोळशाची राख असते. काही जण म्हणतात पीपीसीतून मोकळा चुना कमी सुटतो म्हणून ते उलट बरं, आणि चुन्यापुरतं ते खरंही आहे. पण राख कुठल्या कोळशाची आणि तिच्यात कुठले धातू किती, हे पोत्यावर लिहिलेलं नसतं आणि घरी मोजताही येत नाही. मी वापरत नाही. ओपीसी, म्हणजे राख नसलेलं साधं पोर्टलँड सिमेंट, मिळालं तर ते, नाहीतर तुमच्याकडचं व्हाइट सिमेंट, त्यात लोखंडही कमी असतं. फक्त ते खरंच व्हाइट सिमेंट आहे ना ते पिशवी उलटून वाचा. लोक वॉल पुट्टीलाच सरसकट व्हाइट सिमेंट म्हणतात, रंगारीसुद्धा म्हणतात. पुट्टीत पॉलिमर आणि बाकीची भर असते, ती टाकीत नको. तसंच टाइल चिकटवायचं अॅडेसिव्ह आणि ग्राउट, दोन्ही दिसायला सिमेंटच, पण अॅडेसिव्हमध्ये पॉलिमर आणि बऱ्याच ग्राउटमध्ये बुरशीनाशक. स्लॅबच्या वेळी गवंडी वॉटरप्रूफिंगचं जे पातळ औषध कालवतो तेही अजिबात नको. आणि पोतं अर्धं उघडं राहून गड्डे धरले असतील तर ते दगडगोट्यांच्या पायवाटेला वापरा, रॉकला नको.

मिश्रण मी असं करतो: एक भाग सिमेंट, दोन भाग शिंपल्यांचा भरडा, दीड ते दोन भाग जाडं खडे मीठ. तिसऱ्यो, खुबे यांची टरफलं गोव्यात कुठल्याही घरात पोतंभर गोळा होतात, ती उकळून, आतलं मांस पूर्ण काढून, उन्हात वास जाईपर्यंत वाळवून हातोडीने फोडायची. मांसाचा अंश राहिला तर पुढे फॉस्फेट होऊन डोक्याला ताप. मीठ तुमच्या तालुक्यात आगरवाड्याच्या मिठागरावर मिळेल, पावसाच्या आधी घ्या. मीठ पाण्यात विरघळून जातं आणि त्याच्या जागी भोकं राहतात, त्या भोकांतच पुढे नायट्रेट खाणारे बॅक्टेरिया वस्ती करतात.

साइटवर नऊ वर्षं मी कामगारांना ओरडून सांगितलं की काँक्रीटला खारं पाणी लावू नका, म्हणून पहिल्यांदा सिमेंटमध्ये मुठी-मुठीने मीठ टाकताना हात अडला होता. पण खाऱ्याची भीती असते ती आतल्या सळईसाठी, क्लोराइडने सळई गंजते, फुगते आणि काँक्रीट फोडते. इथे सळई नाहीच. आणि म्हणूनच रॉकच्या कमानीला आधार म्हणून आत सळईचा तुकडा, बाइंडिंग वायर, चिकन मेश काहीही घालायचं नाही. आधार लागला तर पीव्हीसीचा तुकडा घाला.

पाणी अगदी कमी, मूठ दाबली की गोळा धरेल आणि बोटांतून काही गळणार नाही एवढंच. हातमोजे घालूनच, ओल्या सिमेंटने कातडी जाते. घमेल्यात ओली वाळू भरून त्यात हाताने वेडेवाकडे खड्डे करायचे आणि त्यात हे मिश्रण सैलसर टाकायचं, चोपायचं नाही. साच्याला शटरिंगचं जळकं तेल लावायची सवय असते, ते इथे चालणार नाही, इंजिनचं वापरलेलं तेल असतं ते. तिसऱ्या दिवशी अलगद काढा, मिठामुळे कोवळे ठोकळे पटकन तुटतात.

आता खरी गोष्ट, क्युरिंग. साइटवर आपण पाणी मारतो ते ताकद यावी म्हणून आणि २८ दिवस झाले की काम झालं म्हणतो. इथे ताकदीचा प्रश्न नाही, चुना बाहेर काढायचाय, त्याला जास्त वेळ लागतो. मी निळ्या ड्रममध्ये बुडवून ठेवतो, पहिले दोन आठवडे दर दोन दिवसांनी पाणी बदलायचं, मग आठवड्याला, एकूण कमीत कमी सहा ते आठ आठवडे, आणि मध्ये मध्ये दोन-तीन दिवस बाहेर काढून हवेत ठेवायचे म्हणजे कार्बन डायऑक्साइड आतपर्यंत पोचतो. पहिल्या दिवसांत पाण्यावर पातळ पांढरी साय धरते, तो चुनाच, हवेशी मिळून झालेला. साय यायची थांबली म्हणजे अर्धं काम झालं. व्हिनेगरमध्ये बुडवून लवकर होतं असं सांगणारे भेटतील. त्याने वरचा थर निवळतो, आतला चुना आतच राहतो आणि महिन्याभराने बाहेर येतो, म्हणून त्यावर विसंबू नका.

पण तुम्ही विचारलंय मेमध्ये, यापेक्षा चांगली वेळ नाही. आठवड्याभरात ठोकळे पाडा, पंधरा दिवस ड्रममध्ये ठेवा आणि पाऊस लागला की घराच्या मागे पागोळ्यांखाली मांडून ठेवा. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, इतकं मऊ पाणी तुम्ही ड्रममध्ये बदलून बदलून किती बदलणार. एकच बघा, पागोळ्या कौलांच्या हव्यात आणि कौलं रंगवलेली नसावीत. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावरून पडणारं पाणी जस्त घेऊन येतं, त्याखाली ठेवण्यापेक्षा उघड्यावर ठेवलेले बरे. दर आठवड्याला उलटेपालटे करा. जुलैच्या शेवटी त्यांच्यावर हिरवं शेवाळ धरायला लागेल आणि ते बघून मला दरवर्षी आनंद होतो, कारण चुना तिखट असेपर्यंत सिमेंटवर शेवाळ धरत नाही. चवथ (गणेशचतुर्थी) झाली की उचलायचे, ब्रशने घासायचे, ब्लीचच्या पाण्यात एक दिवस, मग साध्या पाण्यात, मग कडक उन्हात पूर्ण वाळवायचे.

शेवटची तपासणी साध्या आरओ पाण्यात करू नका, तिथे शिंपल्यांची चुनखडीही पीएच वर नेते आणि तुम्हाला वाटेल अजून कच्चं आहे. मिठाचं पाणी करा, टाकीला करता तसंच, दोन बादल्या, दोन्हींत एअर पंप. एकीत रॉक, दुसरी रिकामी. तीन दिवसांनी दोन्हींचा पीएच घ्या. रॉकच्या बादलीचा ०.१ पेक्षा जास्त वर असेल तर परत ड्रममध्ये. ती रिकामी बादली लोक वगळतात, पण तिच्याशिवाय फरक रॉकमुळे पडला की मिठामुळे की टेस्ट किटमुळे हे कळत नाही. अडीचशे लिटरला वीस-बावीस किलो रॉक भरपूर झाला. सुरुवातीला काचेवर तपकिरी थर येईल, सिमेंटमधल्या सिलिकेटमुळेही येतो, दोन-चार आठवड्यांत जातो, घाबरू नका. असा रॉक कोरा असतो, त्याच्यात जीव नसतो, त्यामुळे सायकल, म्हणजे अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया वाढणं, व्हायला नेहमीचा महिना-दीड महिना द्यावाच लागेल, कोणा हॉबीवाल्याच्या निरोगी टाकीतला मूठभर रॉकचा चुरा मिळाला तर उत्तम.

सिलिकॉनच्या ट्यूबा. मागे बारीक अक्षरात अँटी-फंगल, मोल्ड रेझिस्टंट, सॅनिटरी, किचन-बाथ असलं काहीही लिहिलं असेल तर बाथरूमलाच वापरा. घरकामातून उरलेल्या ट्यूबा दहातल्या आठ वेळा त्याच असतात, वॉश बेसिनच्या कडेला लावायला आणलेल्या. टाकीला लागतं ते साधं शंभर टक्के सिलिकॉन, लावताना व्हिनेगरसारखा वास येणारं, काहीही भर नसलेलं. तो वास पूर्ण जाईपर्यंत पाणी भरायचं नाही, छोट्या सांध्याला दोन दिवस, टाकीच्या मुख्य सांध्यांना आठवडा. सिलिकॉन हवेतल्या दमटपणानेच घट्ट होतं, त्यामुळे पावसाळ्यात ते सुकणार नाही ही भीती नको.

पाइपांत तीन प्रकार वेगळे करा. पिण्याच्या पाण्याची यूपीव्हीसी किंवा सीपीव्हीसी, ज्यावर लेड-फ्री छापलंय, ती बिनधास्त वापरा. आपल्याकडे पीव्हीसी पाइप बनवताना शिशाचा स्टॅबिलायझर सर्रास वापरत, त्यावर २०२१ मध्ये केंद्राने नियम केले, म्हणून जुना पडलेला पाइप मी घेत नाही. इलेक्ट्रिकचा कंड्युट आणि मलवाहिनीचा पाइप पाण्यासाठी बनवलेलेच नसतात, ते सोडा. बागेची मऊ रबरी नळी पाणी बदलताना पाच मिनिटं चालेल, कायमची लाइन म्हणून नको, ती मऊ करायला घातलेलं रसायन उतरत राहतं. सॉल्व्हंट लावलेले सांधे एक-दोन दिवस सुकवा, मग साध्या पाण्याने तासभर लाइन फिरवून ते पाणी फेका. आणि पूर्ण लाइनवर एकही पितळी, गनमेटल, जीआय (जस्त चढवलेलं लोखंड) फिटिंग नको, प्लंबरला स्वतः उभं राहून दाखवा. स्टेनलेस स्टीलवरही भरवसा ठेवू नका. ३०४ ग्रेडचं खाऱ्या पाण्यात गंजतं, ३१६ चं उशिरा गंजतं एवढंच. समुद्राजवळच्या घरांच्या ग्रिलचं काय होतं ते रोज बघतोच आपण, आणि ते तर नुसत्या वाऱ्याने.

चिरे घालू नका. मला चिरा फार आवडतो, माझं स्वतःचं घर चिऱ्याचं आहे, पण तो म्हणजे मुख्यतः लोखंड आणि अॅल्युमिनियमचे ऑक्साइड आणि मधल्या भोकांत माती. टाकलात म्हणून उद्या काही मरणार नाही. पण तो पाण्यात झिजून लाल गाळ सोडत राहतो, लोखंड शेवाळाला खत होतं, आणि फॉस्फेट धरून ठेवतो ते वेगळंच. ग्रॅनाइट स्वतः काही सोडत नाही, पण ओट्याच्या तुकड्यांना पॉलिश आणि सीलर लावलेलं असतं आणि भोकं नसल्याने बॅक्टेरियाला उपयोग शून्य, वर वजन. कौलाचा न रंगवलेला तुकडा मात्र एखादा ठेवा, क्लाउनफिशची जोडी जमली तर त्यावर अंडी घालतील. रॉकखाली ठेवायला फॉल्स सीलिंगच्या लाइटची जी चौकड्यांची प्लास्टिक जाळी मिळते ती घ्या, म्हणजे रॉकचं टोक थेट काचेवर येत नाही.

वाळूचं तुम्ही विचारलं नाहीत, पण पेडणे म्हणजे समुद्र जवळ, मोह होणारच, म्हणून सांगतो. किनाऱ्यावरून वाळू उचलणं सीआरझेडमध्ये, म्हणजे किनारी नियमन क्षेत्रात, बंद आहे. आणि मेच्या सुमारास आपल्या किनाऱ्यांवर डांबराचे गोळे येऊन पडतात ते तुम्ही पायाला लागलेले बघितले असतील, तेलाचा तो अंश वाळूतून धुऊन जात नाही. पॅकबंद अॅरॅगोनाइट वाळू (चुनखडीची) घ्या, कमी घ्या, इंचभर थर पुरतो.

एवढं सगळं केलंत तरी एक धोका उरतो आणि तो टाकीच्या बाहेर आहे. तुमचं घर अजून संपलेलं नाही. स्किमर, म्हणजे पाण्यातली घाण फेसात ओढून काढणारं यंत्र, दिवसरात्र खोलीतली हवा ओढून पाण्यात बारीक बुडबुडे करून मिसळतं, म्हणजे खोलीत जे उडेल ते पाण्यात जाणार. टाइल कापल्याची धूळ, पॉलिशवाल्याचा थिनर, बाहेरच्या भिंतीच्या शेवाळरोधक रंगाचा वास, सगळं. रंगकाम संपून महिना झाल्याशिवाय आत एकही जीव टाकू नका. आणि पायात वाळवीचं औषध मारलंय का ते कंत्राटदाराला विचाराच. ती औषधं कीटकांसाठी असतात आणि कोळंबी-खेकडे कीटकांचे जवळचे नातेवाईक, त्यांना ती फार लवकर बाधतात. विहीर घराला लागून असेल तर तिचं पाणी या टाकीसाठी, अगदी रॉक क्युरिंगच्या शेवटच्या धुण्यासाठीसुद्धा वापरू नका. टाकीचं स्टँड प्लायचं करणार असाल तर त्यालाही आतून वाळवीचं औषध मारू नका आणि कडा उघड्या ठेवू नका, सम्पच्या दमटपणात प्लाय फुगतो आणि औषध बाहेर येतं.

ज्या मालाबद्दल मी इथे लिहिलं नाही किंवा ज्याचं लेबलच गेलंय त्याला तीच दोन बादल्यांची पद्धत लावा, फक्त तीन दिवसांऐवजी दोन आठवडे, आणि दोन्हींत कोणाच्या तरी सम्पमधले बारीक किडे, कोपेपॉड, चमचाभर सोडा. रोज टॉर्चने बघायचं. रिकाम्या बादलीत ते काचेवर धावतायत आणि दुसरीत खाली पडलेत, तर उत्तर मिळालं. महागड्या टेस्ट किटला दिसत नाही ते या किड्यांना आधी कळतं.

तुम्हाला या आठवड्यात करण्यासारखं म्हणजे दोन्ही पिशव्यांच्या मागच्या बाजूचे फोटो टाका, ओपीसी-पीपीसी आणि पुट्टी-व्हाइट सिमेंटचा घोळ आधी सोडवू. सिलिकॉनच्या ट्यूबचाही टाका. टरफलं जमवायला घरी सांगून ठेवा आणि पाऊस सुरू व्हायच्या आत दहा किलो खडे मीठ आणून कोरड्या जागी ठेवा. आणि सम्पला जो रिटर्न पंप घेणार आहात त्याच्या पुढे प्लंबरने कुठला व्हॉल्व्ह घातलाय, तो एकदा स्वतः खाली वाकून बघा.